बंगाली राजबाडी कशी पाहावी: ठाकुरदालानापासून गच्चीच्या कोब्यापर्यंत

उत्तर कोलकात्यातल्या जुन्या राजबाडीत, म्हणजे धनिकांच्या वाड्यात, पहिल्यांदा शिरणारा माणूस आधी खांब बघतो, मग झुंबर बघतो आणि मग मोबाईल काढतो. खांबांवरची ग्रीक पानं, इटालियन संगमरवर, बेल्जियमची काच हे सगळं देखणं आहेच. पण हे घर असं का बांधलं, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी अंगणाच्या मधोमध उभं राहायचं आणि उंच जोत्यावरची कमानींची रांग शोधायची. बहुतेक घरांत ती अंगणाच्या उत्तरेला, दक्षिणेकडे तोंड करून असते. हा ठाकुरदालान, म्हणजे दुर्गापूजेची जागा. दिवाणखाना, बायकांचा महाल, वरच्या मजल्यावरचे सज्जे, सगळं या दालानाच्या हिशोबाने बसवलेलं असतं. वर्षातले पाच दिवस हजारभर माणसं या अंगणात मावली पाहिजेत आणि उरलेले तीनशे साठ दिवस एका मोठ्या कुटुंबाने त्यातच राहिलं पाहिजे, अशी ही मांडणी आहे.

शोभाबाजारची राजबाडी हे त्याचं ठळक उदाहरण, म्हणून सुरुवात तिथून करू.

पैसा कुठून आला

राजबाडी म्हटलं की राजा आठवतो, पण कोलकात्यातले बहुतेक 'राजे' दलाल, मुनशी, व्यापारी किंवा जमीनदार होते. पदवी कुणी मुघल बादशहाकडून मिळवली, कुणी इंग्रजांकडून. शोभाबाजारचे नवकृष्ण देव (1733–1797) हे ईस्ट इंडिया कंपनीचे मुनशी. फारसी येत होतं, कंपनीचा सेनापती क्लाइव्ह याचा विश्वास होता आणि प्लासीच्या लढाईनंतर नशीब फळफळलं. 1757च्या शरद ऋतूत त्यांनी थाटात दुर्गापूजा केली आणि क्लाइव्ह तिला आला होता, अशी घराण्यातली परंपरा आहे. क्लाइव्हच्या हजेरीचा कागदोपत्री पुरावा कच्चा आहे. पण साहेबाला घरी बोलवायचं, त्याला नाच आणि मेजवानी द्यायची आणि त्यातून धंदा वाढवायचा, ही रीत त्या काळात पक्की झाली हे मात्र खरं. म्हणूनच या घरांत देवीसमोरचं अंगण आणि साहेबांसाठीचा नाचघर असे दोन दिखाऊ भाग असतात.

नवकृष्णांना बराच काळ मूल नव्हतं, म्हणून पुतण्या गोपीमोहन दत्तक घेतला. पुढे राजकृष्ण हा सख्खा मुलगा झाला. दोघांची सोय लावायची म्हणून एकाच रस्त्यावर दोन राजबाड्या, दोन ठाकुरदालान आणि दोन पूजा झाल्या, आणि त्या आजही वेगवेगळ्या होतात. गोपीमोहनांचे चिरंजीव राधाकांत देव हे संस्कृतच्या मोठ्या कोशाचे कर्ते. याच राजबाडीच्या अंगणात 28 फेब्रुवारी 1897 रोजी शिकागोहून परतलेल्या विवेकानंदांचा नागरी सत्कार झाला. पूजेसाठी आखलेलं अंगण सभेलाही तितकंच सोयीचं पडतं: जोतं हे व्यासपीठ, अंगण ही बैठक, सज्जे ही गॅलरी.

दुसरा मोठा पैसा जमिनीतून आला. 1793च्या कायमधारा पद्धतीने जमीनदाराने सरकारात भरायचा सारा कायमचा ठरवून टाकला. ठरलेल्या दिवशी सूर्यास्तापर्यंत रक्कम भरली नाही, तर जमीनदारी लिलावात जायची. कित्येक जुनी घराणी यात बुडाली आणि त्यांच्या जमिनी कोलकात्यातल्या व्यापाऱ्यांनी उचलल्या. गावातला वसूल शहरातल्या घरात ओतला जाऊ लागला, तो थेट 1953च्या पश्चिम बंगालच्या जमीनदारी निर्मूलन कायद्यापर्यंत. हे साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या इतिहासात मराठ्यांचा हात आहे आणि तो फारसा कौतुकाचा नाही. 1741 ते 1751 या दहा वर्षांत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार चालून गेल्या. आपल्या बारगिरांना बंगाली माणूस 'बर्गी' म्हणतो आणि हा शब्द तिथे अजून मुलांना झोपवताना धाक घालायला वापरतात. भागीरथीच्या पश्चिमेकडचे सधन लोक जीव आणि तिजोरी घेऊन नदीपार गेले. त्यातले बरेच कोलकात्यात कंपनीच्या आसऱ्याला आले आणि शहराची भरभराट व्हायला त्याने मदतच झाली. 1742 साली शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नाव 'मराठा डिच'. सात मैलांपैकी तीनेक मैल खणून झाला, मराठे काही कोलकात्यात आले नाहीत, आणि 1799 साली तो बुजवून सर्क्युलर रोड बांधला. त्याच 1742 साली भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांनी काटव्याजवळ छावणीत दुर्गापूजा मांडली होती, तेव्हा बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने ऐन पूजेत छापा घालून मराठ्यांना पळवलं. हुगळी जिल्ह्यात खन्यानजवळ इटाचुना राजबाडी आहे, तिचं बांधकाम 1766चं सांगतात. तिथलं कुंडू घराणं स्वतःला बंगालातच मागे राहिलेल्या मराठ्यांचं वंशज मानतं, आणि गावकरी त्या वाड्याला आजही 'बर्गीडांगा' म्हणतात.

दालान

कमानींची संख्या मोजा. ती तीन, पाच किंवा सात असते, सम कधीच नसते. कारण साधं आहे: विषम कमानी असल्या की बरोबर मध्यभागी कमान येते आणि तिच्यात देवी बसते. सम असत्या तर मध्यभागी खांब आला असता. मोठ्या घरांत अशा कमानींच्या दोन रांगा एकामागे एक असतात. पुढच्या रांगेमागे पुरोहित आणि घरची मंडळी, मागच्या रांगेपलीकडे मूर्ती. बाहेरचा माणूस अंगणात. म्हणजे दर्शन सगळ्यांना, पण पायरी कुणी कुठवर चढायची हे ठरलेलं.

जुन्या दालानांत कमानीची कड पाकळ्यापाकळ्यांची, आपल्या देवघराच्या महिरपीसारखी असते, आणि खाली बारीक खांबांचा जुडगा असतो. बंगालीत त्याला 'कलागेछ्या' खांब म्हणतात, म्हणजे केळीच्या खुंटांसारखे एकत्र बांधलेले. ही मुघलकालीन बंगालची ढब. एकोणिसाव्या शतकात त्याच जागी ग्रीक-रोमन धाटणीचे उंच गोल खांब आले. एकाच अंगणात तीन बाजूंना रोमन खांब आणि चौथ्या बाजूला पाकळ्यांच्या कमानी दिसल्या, तर घर टप्प्याटप्प्याने सजवलं असं समजावं: देवीची जागा जुन्या वळणाची ठेवली आणि साहेबाच्या नजरेला पडणारा भाग नव्या फॅशनचा केला.

हे रोमन खांब दगडाचे नसतात, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गंगेच्या गाळाच्या प्रदेशात दगड मिळत नाही, तो नावेने लांबून आणावा लागे. म्हणून खांब विटांचा, तोही खास गोलाई दिलेल्या विटांचा, आणि त्यावर चुन्याचा घोटलेला गिलावा. वरची पानंफुलंही चुन्यात हाताने काढलेली किंवा साच्यातली. शिंपले भाजून केलेल्या बारीक चुन्याचा शेवटचा थर तासन्‌तास घोटला की संगमरवरासारखी झाक येते. त्याला 'पंखेर काज' म्हणतात. खांबाचा पापुद्रा कुठे उडाला असेल तर तिथे आतल्या विटा बघून घ्या. अख्ख्या घराचं बांधकाम त्या एका जखमेत दिसतं.

मूर्ती मोठ्या घरांत बाहेरून विकत आणत नाहीत, दालानातच घडवतात. लाकडी सांगाड्याची, म्हणजे 'काठामो'ची पूजा बहुतेक घरांत आषाढातल्या रथयात्रेच्या दिवशी होते. मग कुमारटुलीचा (कोलकात्यातली मूर्तिकारांची वस्ती) किंवा कृष्णनगरचा कारागीर येऊन त्यावर भाताचा पेंढा सुतळीने आवळतो. पहिला हात चिकणमातीचा, त्यात भाताचा तूस मिसळलेला, म्हणजे माती आकसताना फार तडकत नाही. दुसरा हात रेताड बारीक मातीचा. तरीही भेगा पडतातच, त्यांवर पातळ मातीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या बसवतात. त्यावर खडूमातीचा पांढरा हात, त्यात चिंचोक्याची खळ, मग रंग. डोळे शेवटी, परंपरेने महालयाच्या, म्हणजे सर्वपित्री अमावास्येच्या दिवशी. पावसाळ्यात हे सगळं काम चालतं, म्हणून दालानाला गहिरं छप्पर आणि पुढून वारा लागतो: माती सावलीत आणि सावकाश वाळली पाहिजे. उन्हात वाळवली तर चेहऱ्याला चीर जाते.

देवी, लक्ष्मी, सरस्वती, गणपती, कार्तिक आणि महिषासुर एकाच चौकटीत, मागे अर्धगोल चित्रफलक, अशी 'एकचाला' मूर्ती हे जुन्या घराचं लक्षण. विसर्जनानंतर लाकडी सांगाडा नदीतून परत आणून पुढच्या वर्षी वापरायचा. यामुळे मूर्तीचं माप पिढ्यान्‌पिढ्या कायम राहतं, आणि ते राहावंच लागतं, कारण बांबूंवर उचललेली ती अख्खी चौकट दालानाच्या मधल्या कमानीखालून आणि पुढच्या देवडीतून बाहेर पडायची असते. मागच्या अर्धगोलावर चित्रकार शिव-पार्वती, दशावतार, देवासुरांचं युद्ध रंगवतात. दागिने शोला या पाणवनस्पतीच्या पांढऱ्याशुभ्र गाभ्याचे किंवा चंदेरी वर्खाचे. हा वर्ख एकेकाळी जर्मनीहून टपालाने यायचा, म्हणून त्या सजावटीला 'डाकेर साज' नाव पडलं. काही वैष्णव घराण्यांत देवीचा सिंह चक्क घोड्याच्या तोंडाचा असतो. शोभाबाजारात तो बघायला मिळतो. विसर्जनाआधी खरा नीलकंठ पक्षी सोडायची चाल 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर बंद पडली, आता मातीचा पक्षी करून काम भागवतात.

जोडासाँकोच्या ठाकूरबाडीत, म्हणजे रवींद्रनाथांच्या घरात, मात्र दालान आहे आणि मूर्ती नाही. नीलमणी ठाकुरांनी 1784 साली उभारलेल्या या घरात एकेकाळी थाटाची पूजा व्हायची. रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ मूर्तिपूजा न मानणाऱ्या ब्राह्मो पंथात गेले, पूजा थांबली, आणि त्याच कमानींखाली उपासना, गाणी आणि पुढे नाटकं होऊ लागली.

बाहेरचा महाल, आतला महाल

दालानाच्या अंगणाभोवतीचा भाग हा पुरुषांचा: कचेरी, दिवाणखाना, वर नाचघर. त्यामागे दुसरं, लहान अंगण, तो बायकांचा 'अंदरमहल': स्वयंपाकघर, कोठीघर, बाळंतिणीची खोली आणि मागच्या तळ्याकडे उघडणारं 'खिडकी' दार. मराठी वाचकाला हे चौकांचं गणित नवं नाही. नवीन आहे ती मधली भिंत. दोन अंगणांना जोडणारी वाट मुद्दाम वळणाची किंवा अंधारी असते, सरळ दिसत नाही. पूजेच्या वेळी बायका वरच्या सज्ज्यातून बघायच्या आणि सज्ज्याला 'खडखडी' असायची.

खडखडी हा या घरांतला सगळ्यात हुशार भाग. दाराच्या झडपेत आडव्या लाकडी पट्ट्या असतात, सगळ्या मधल्या एका उभ्या दांडीला अडकवलेल्या. दांडी वर-खाली केली की सगळ्या पट्ट्या एकदम तिरप्या होतात. पट्ट्यांचा उतार बाहेरच्या बाजूला खाली, त्यामुळे पाऊस आत येत नाही, वारा येतो, आणि आतल्या माणसाला खालचं अंगण दिसतं पण खालच्याला वरचं काही दिसत नाही. वर अर्धगोलात लाल, हिरवी, निळी काच. बंगालच्या दमट उन्हाळ्यात वाऱ्याची दिशा हीच घराची किंमत ठरवते. हा वारा दक्षिणेकडून येतो, म्हणून दक्षिणेचा व्हरांडा मानाचा. जोडासाँकोच्या पाच नंबरच्या घरातल्या अशाच दक्षिण व्हरांड्यात अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे ठाकूर बंधू चित्रं काढत बसायचे आणि आधुनिक बंगाली चित्रकलेची बरीचशी घडण तिथे झाली. ते घर पुढे विकलं गेलं आणि पाडलं गेलं.

अंदरमहलाचा पडदा बाजूला सारणारी पहिली मोठी हालचालही याच घराण्यातली आणि तिचा धागा मुंबईचा आहे. सनदी अधिकारी सत्येंद्रनाथ ठाकुरांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली, पत्नी ज्ञानदानंदिनी देवी 1864 साली मुंबईत आल्या आणि इथल्या पारशी बायकांचं बघून बाहेर वावरायला सोयीचं साडी नेसण्याचं वळण त्यांनी कोलकात्याला नेलं.

भिंत, गच्ची, जमीन

भिंत विटांची, वीस ते तीस इंच जाड. विटा आजच्यापेक्षा पातळ. चिनाईचा मसाला चुना आणि सुर्खी, म्हणजे विटांची पूड. साधारण एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग सुर्खी. भाजलेल्या मातीची बारीक पूड चुन्याबरोबर रासायनिक क्रिया करून ओलीतही घट्ट होते, नुसता चुना तसा होत नाही. दर्जेदार गिलाव्यात गूळ, बेलफळाचा गर, मेथीचं पाणी घालायचे.

गच्चीची रचना नीट समजून घ्या, कारण पुढे बिघाड इथूनच सुरू होतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत सागाच्या जाड तुळया टाकतात, त्या 'कडी'. त्यांवर आडवे, साधारण फुटाफुटावर, बारीक वासे, ते 'बरगा'. त्यावर भाजक्या मातीच्या चपट्या टाइल्सचे दोन थर. त्यावर चुन्याचा कोबा, त्याला बंगालीत 'जलछाद' म्हणतात: सात भाग विटांचे बारीक तुकडे, दोन भाग सुर्खी, दोन भाग चुना. तीन-चार इंच जाडीचा हा थर आठवडाभर लाकडी थापीने बडवतात, वरून गुळाचं पाणी शिंपडत. हे काम बहुतेक बायका रांगेने बसून करायच्या आणि ताल राहावा म्हणून गाणी म्हणायच्या. बडवणं मध्येच थांबवलं तर कोब्यात पोकळ्या राहतात आणि दोन पावसाळ्यांत गळती लागते.

सागाची तुळई साधारण पंधरा-सोळा फुटांपलीकडे लांब टाकली तर मध्ये झोळ येतो. म्हणून कितीही श्रीमंत घर असो, खोल्या लांबट आणि अरुंद असतात. एखादी खोली अचानक रुंद दिसली तर वर बघा, मध्ये खांबांची रांग किंवा लोखंडी गर्डर सापडेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलायती लोखंड आलं, तसे ओतीव लोखंडाचे सडपातळ खांब, कठडे, कंस स्कॉटलंडच्या कारखान्यांच्या कॅटलॉगवरून मागवता येऊ लागले. त्यामुळे लांबलांबच्या राजबाड्यांत कठड्याची नक्षी तीच ती दिसते. त्यात नवल नाही, माल एकाच साच्यातला आहे.

लाल गुळगुळीत जमीन आणि तिला काळी किनार हे बंगाली घराचं चित्र सगळ्यांच्या मनात असतं, पण ती सिमेंटमध्ये लाल ऑक्साइड घालून केलेली, बहुतांशी विसाव्या शतकातली. अठराव्या शतकातल्या घरात ती दिसली तर नंतरची समजावी.

युरोपीय साज सगळ्यांनी सारखा घेतला नाही. चोरबागानचा मार्बल पॅलेस (1835) हे एक टोक: राजेंद्र मल्लिक यांनी नाना जातींचा संगमरवर, आरसे, घड्याळं, एका अखंड खोडातून कोरलेला व्हिक्टोरिया राणीचा पुतळा आणि रुबेन्स, रेनॉल्ड्स यांच्या नावावर सांगितली जाणारी चित्रं एकत्र भरली. अस्सल-नक्कल शेजारीशेजारी आहे. तिथे अभिरुचीपेक्षा संग्रहाची भूक जास्त दिसते, आणि तीही त्या काळाची खरी नोंद आहे. दुसरं टोक बागबाजारची बसुबाटी, 1870च्या दशकातली. रुडकीला शिकलेले अभियंते नीलमणी मित्र यांनी तिथे देशी घडणीला जागा दिली. 16 ऑक्टोबर 1905ला, बंगालच्या फाळणीच्या दिवशी, राखीबंधनानंतरची राष्ट्रीय निधीची सभा याच घरी भरली होती.

मोडतं कसं आणि का

पहिलं कारण पाणी. कोलकात्यात वर्षाला सोळाशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. गच्चीच्या कोब्याला केसाएवढी चीर पडते, पाणी टाइल्सपर्यंत पोचतं आणि भिंतीत रोवलेल्या तुळईच्या टोकाशी साचतं. तिथे वारा नाही, त्यामुळे लाकूड मधोमध ठणठणीत राहतं आणि टोकं कुजतात. वाळवीही तिथेच लागते. लोखंडी गर्डर असेल तर टोक गंजून फुगतं आणि भिंत आतून फोडतं. म्हणून छप्पर तपासताना मधला भाग बघून उपयोग नाही. भिंतीलगत तुळईवर हातोडीने टकटक करा, बद्द आवाज आला किंवा पेचकस सहज आत गेला तर टोक गेलंय. टोकच गेलं असेल तर तुळई काढायची गरज नसते: कुजका भाग कापून नवं सागवान जोडतात आणि दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या बोल्टने आवळतात. ते होईपर्यंत खालून टेकू हवाच.

गळती थांबवायला जुन्या कोब्यावर सिमेंटचा थर टाकणं हा सगळीकडचा उद्योग आहे आणि तोच सगळ्यात घातक. पंधरा बाय वीस फुटांच्या खोलीवर एक इंच काँक्रीट म्हणजे सुमारे पावणेदोन टन वजन. तीन वेळा असं केलं की पाच टन, आणि खाली तुळया शंभर-दीडशे वर्षांच्या. शिवाय सिमेंट ताठ आणि चुना लवचिक, त्यामुळे उन्हाने दोन्ही वेगवेगळे हलतात आणि जोडावर नवी चीर पडते.

भिंतीचंही तेच. गाळाच्या जमिनीत पाणी वर असतं, जुन्या पायात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे ओल विटांतून तीन-चार फूट चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर उडून जाते. सिमेंटचा गिलावा मारला की तिची वाट बंद होते, ती आणखी वर चढते आणि क्षार विटेतच स्फटिक होऊन बसतात. वीट पावडर होऊन गळू लागते. 'नोना धरणे' म्हणतात ते हेच. वर ऑइल पेंट मारला असेल तर दोन वर्षांत पोपडे. उपाय कंटाळवाणा आहे पण ठरलेला: आधी गच्ची आणि पावसाचे नळ दुरुस्त, मग सिमेंट खरवडून काढायचं, भिंत एक हिवाळा-उन्हाळा सुकू द्यायची, सांधे इंचभर खोल कोरून चुना-सुर्खीने भरायचे, आणि वर फक्त चुन्याचा रंग. चुना किमान काही आठवडे पाण्यात मुरलेला पाहिजे. कच्चा राहिलेला कण गिलाव्यात नंतर फुगून फोड आणतो.

पिंपळ-वडाचं रोप ओढून काढू नये. मूळ विटांच्या सांध्यांत दूरवर गेलेलं असतं, ओढलं की भिंतीचा तुकडाच हातात येतो. खोड कापून कापाला मूळ मारणारं औषध लावतात, मूळ वाळू देतात आणि मग सांधा भरतात.

दुसरं कारण कागदावरचं. 1953नंतर गावाकडचा वसूल बंद झाला, घर मात्र तेवढंच राहिलं. त्यात बंगालात जुना वारसा दायभाग पद्धतीने चालायचा. आपल्याकडच्या मिताक्षरात मुलाला जन्मतः हक्क मिळतो. दायभागात बाप असेपर्यंत काही नाही, आणि बाप गेला की प्रत्येकाचा ठरलेला, वेगळा हिस्सा. चार-पाच पिढ्यांत एका घराचे पन्नासेक हिस्सेदार सहज होतात, निम्मे परदेशी. गच्ची सगळ्यांची, म्हणून दुरुस्ती कुणाचीच नाही. काही ठिकाणी अंगणात मध्येच भिंत उभी दिसते ती याच वाटणीची.

गंमत अशी की सगळ्यात टिकलेला भाग बहुतेक वेळा ठाकुरदालानच असतो. कारण पुष्कळ घराण्यांनी तो, आणि त्याच्या खर्चासाठी काही भाडेकरू दुकानं, देवाच्या नावे 'देवोत्तर' करून ठेवली. मालक देव, घरची मंडळी फक्त 'सेबाइत', म्हणजे व्यवस्थापक. ती मालमत्ता सहजी विकता येत नाही. पूजेचा खर्च आणि मान आळीपाळीने, त्याला 'पाला' म्हणतात: या वर्षी या शाखेचा, पुढच्या वर्षी त्या शाखेचा. ज्याचा पाला असतो तो निदान दालानाला चुना मारतो. मागचा अंदरमहल तोवर कोसळलेला असतो. महापालिकेची वारसा इमारतींची श्रेणीनिहाय यादी आहे, पण यादीत नाव आल्याने पाडायला अडथळा येतो, दुरुस्तीला पैसा येत नाही. काही कुटुंबांनी म्हणून राहण्याची सोय आणि चित्रीकरणाचं भाडं हा मार्ग धरला, इटाचुना त्यातलीच.

बघायला जायचं तर दुर्गापूजेचे दिवस सगळ्यात चांगले, तेव्हा खाजगी घरांची दारंही उघडी असतात. शोभाबाजारसाठी शोभाबाजार-सुतानुटी मेट्रो स्थानक, जोडासाँकोसाठी गिरीश पार्क. अष्टमी-नवमीच्या सांध्यावरची अठ्ठेचाळीस मिनिटांची संधिपूजा, 108 दिव्यांची, बघायची असेल तर वेळ पंचांगाप्रमाणे दरवर्षी बदलते आणि कधी मध्यरात्री येते. आधी विचारून ठेवा. तास-दीड तास आधी पोचलात तर अंगणाच्या मागच्या कडेला उभं राहा, कमानींची सगळी रांग तिथूनच एका नजरेत येते. सज्ज्यांच्या खाली गर्दी करू नका, जुने लोखंडी कंस भरवशाचे नसतात. जोडासाँकोला रवींद्रभारती विद्यापीठाचं संग्रहालय आहे, तिथे तिकीट काढून निवांत फिरता येतं. मार्बल पॅलेस आजही खाजगी आहे: पर्यटन कार्यालयाकडून आधी परवानगीपत्र घ्यावं लागतं आणि आत फोटो काढू देत नाहीत.